धाकटीने ब्लॉक केलेलं ऑफिस

सासूबाईंनी दोन सुनांना दोन साधी नावं दिली, मोठी आणि धाकटी, आणि ती अशी चिकटली की पोस्टमनही दारात उभा राहून “मोठ्या बाई आहेत का?” असंच विचारायचा. ही हकिगत मोठीची आहे. धाकटी तिच्यात न बोलावता येते आणि आल्यावर ऐसपैस जागा अडवून बसते, पण धाकटीचं ते नेहमीचंच.

मोठी नगरपालिकेच्या आपत्ती कक्षात कामाला होती. नाव भारदस्त असलं तरी कक्ष म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली. एका भिंतीवर शहराचा नकाशा दाखवणारा पडदा, तीन टेबलं, आवाज जास्त आणि वारा कमी देणारा पंखा, आणि दार नीट न लागणारं एक लोखंडी कपाट, ज्याला जो तो जाता-येता गुडघ्याने ढकलायचा. या खोलीत मोठीने उमेदीची वर्षं फोन उचलण्यात घालवली. झाड पडलं, गटार तुंबलं, शेजाऱ्याचं कुत्रं भुंकतं, सगळं तिच्या कानावर आदळायचं. बोलणी तर इतकी खाल्ली की घरी कोणी आवाज चढवला की ती शांतपणे म्हणायची, “आपली तक्रार नोंदवली आहे.” नवरा या वाक्यापुढे हात टेकायचा आणि सासूबाई तोंडावर हात ठेवून हसायच्या.

मग लोकांनी फोन करणं कमी केलं आणि सोशल मीडियावर लिहायला सुरुवात केली. पाणी तुंबलं की आधी फोटो, मग व्हिडिओ, मग नगरपालिकेला चार शेलके शब्द, आणि या गडबडीत मदत मागायची राहूनच जायची. साहेबांनी ठरवलं, लोक जिथे बोलतात तिथे आपण कान लावायचा. त्यासाठी एक कॉम्प्युटर हवा, आणि दिवसभर लोकांचं बरंवाईट वाचूनही डोकं ठिकाणावर ठेवणारं माणूस हवं. मोठीला कोणी विचारलं वगैरे नाही. एका सकाळी ती आली तर तिचं टेबल खिडकीजवळ सरकवलेलं होतं, एवढंच.

काम तिला आवडलं. शहराबद्दल, पाण्याबद्दल, ऑफिसला उद्देशून कोणी काही लिहिलं की कॉम्प्युटर ते गोळा करून तिच्यापुढे ओतायचा. त्यातलं खरं कोणतं, शिळं कोणतं, ऐकीव कोणतं हे निवडायचं आणि खरं असेल तर ते नेमकं कुठलं हे शोधून नकाशावर ठिपका टाकायचा. माणसं अडकली असतील तर लाल, नुसतं पाणी असेल तर निळा. बोटी कुठे पाठवायच्या ते साहेब त्या ठिपक्यांवरून ठरवत.

निवडण्याची तिची स्वतःची एक रीत होती. फोटो आला की ती आधी त्याच्या कडा बघायची. “मधे काय बघायचंय?” ती म्हणायची. “मधे लोकांना दाखवायचं असतं ते असतं. कडेला असतं ते खरं.” एकदा बुडालेल्या मोटारीचा फोटो शहरभर फिरला आणि सगळ्यांची पाचावर धारण बसली. मोठीने कडेला बघितलं, तर कधीच बंद पडलेल्या चपलांच्या दुकानाची पाटी. शिळा फोटो, कोणीतरी उकरून काढलेला. तिने तो बाजूला सारला आणि चहाचा घोट घेतला. घाबरलेल्या माणसाला ती पत्ताही विचारत नसे, कारण घाबरलेला माणूस स्वतःच्याच घराचा पत्ता चुकवतो. ती लिहायची, “खिडकीतून काय दिसतं?” मग कोणी सांगायचं पाण्याची टाकी, कोणी शाळेचा झेंड्याचा खांब, आणि ठिपका बरोबर जागी पडायचा.

आता धाकटीकडे वळायला हवं, ती कधीची ताटकळली आहे.

मोठी आणि तिचा नवरा ऑफिसजवळ, चढावरच्या एका फ्लॅटमध्ये राहत. नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपघरात होता. जुनं दुमजली घर बाजारामागच्या गल्लीत, आणि तिथे सासरे, म्हणजे आबा, आणि धाकटी. धाकट्याची नोकरी परगावी, तो महिन्याकाठी एकदा यायचा आणि धुवायचे कपडे ठेवून जायचा. धाकटीने गच्चीवर कुंड्यांमध्ये बाग केली होती आणि तिचे व्हिडिओ ती रोज टाकायची. टोमॅटोला पान फुटलं, व्हिडिओ. टोमॅटोचं पान गळलं, व्हिडिओ. “त्या टोमॅटोशी बोलते तितक्या मायेने ती माझ्याशी एकदा बोलली तर मी नोकरी सोडेन,” मोठी म्हणायची. पण लोकांना ते आवडायचं. बघता बघता धाकटीचं पान म्हणजे अख्ख्या गल्लीचा कट्टा झाला. मांजर हरवलं, प्लंबर हवा, कोणाचं बाळ चालायला लागलं, सगळं त्या टोमॅटोच्या खाली कमेंटमध्ये यायचं.

आणि तो फोटो. सासूबाईंचे पुढचे दोन दात पडले होते आणि कवळी त्यांना टोचायची, म्हणून फोटो निघणार असं दिसलं की त्यांचा हात तोंडावर जायचा. लग्नातले, बारशातले, सहलीतले, घरातले सगळे फोटो बघा, सासूबाई म्हणजे दोन डोळे आणि एक हात. फक्त पंच्याहत्तराव्या वाढदिवसाला मोठीने टिपलेल्या एका फोटोत त्या मनमोकळ्या हसत होत्या, दातांची खिंड दाखवत, आणि तोंडावर हात नव्हता. शेजारी धाकटी होती. तिचे डोळे गच्च मिटलेले आणि तोंड उघडं, शिंक अर्धी येऊन थांबावी तसं. त्यानंतर दोनेक महिन्यांत सासूबाई गेल्या. मोठीने तो फोटो आपल्या पानावर लावला आणि वरच ठेवला.

धाकटीने लिहिलं, “ताई, हा काढा ना. माझे डोळे मिटलेत.” मोठीने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. धाकटीने परत लिहिलं. तिच्या बागेच्या प्रेक्षकांपैकी कोणीतरी त्या फोटोवर हसण्याची चित्रं टाकली होती. तिसऱ्यांदा तिने लिहिलं, “ताई, शेवटचं सांगते.” मोठी तेव्हा ऑफिसात होती, डोकं तापलेलं होतं, आणि तिने तिथल्या तिथे लिहून टाकलं: “डोळे मिटलेत, पण तोंड उघडंच आहे. नेहमीसारखं.”

घोटाळा असा की ऑफिसने तिला वेगळा फोन दिला नव्हता. तिच्याच फोनवर तिचं खातं आणि तिथेच आपत्ती कक्षाचं. उत्तर गेलं ते आपत्ती कक्षाच्या नावाने, नगरपालिकेच्या शिक्क्यासकट. लक्षात येऊन तिने पुसेपर्यंत अर्ध्या शहराने वाचलं होतं. कोणी लिहिलं, “नगरपालिका घरगुती आपत्तीही हाताळते का? आमच्याकडेही एक आहे.” साहेबांनी मोठीला खोलीत बोलावलं, रागवायचं म्हणून तोंड उघडलं आणि त्यांनाच हसू आवरेना. शेवटी लेखी समज दिली. धाकटीला मात्र हसू आलं नाही. तिने मोठीला ब्लॉक केलं, आणि राग तेवढ्याने शमला नाही म्हणून आपत्ती कक्षालाही ब्लॉक केलं.

त्यानंतर दोघींचं बोलणं आबांमार्फत. आबा वॉकर धरून घरातल्या घरात फिरायचे आणि त्यांच्याकडे बटणांचा जुना फोन होता. “तिला सांगा, आबांची औषधं संपत आली असतील.” “तिला सांगा, आणलीत.” मधे आबा म्हणायचे, “मला तुम्ही पगार तरी सुरू करा.” धाकटी बाजारात गेली की मोठी आबांना भेटून यायची, आणि आबांच्या डोक्याला तेल लावून द्यायची. धाकटी परत येऊन बाटली जागेवरून हललेली बघायची आणि परत जागेवर ठेवायची.

अशात तो दिवस उजाडला. वरच्या अंगाला आठवडाभर पाऊस कोसळत होता, धरणाची दारं उघडावी लागली, आणि सकाळी लोक दार उघडून बघतात तर नदी बाजारात. मोठीचा नवरा आदल्या संध्याकाळपासून पंपघरात अडकलेला. कक्षात फोन वाजायचे थांबले होते, कारण लाइनच मिळत नव्हत्या. इंटरनेट मात्र रडतखडत चालू होतं. लिहिलेलं पोचायचं, उशिरा का होईना.

मोठी खुर्चीत बसली ती हललीच नाही. पडद्यावर ठिपके उगवत होते. पुलापलीकडची वसाहत लालेलाल. ती वाचत होती, कडा बघत होती, विचारत होती, खिडकीतून काय दिसतं, किती मजले, कोणी आजारी आहे का. शिळं, ऐकीव, दुसऱ्याच गावचं असं सगळं ती सटासट बाजूला सारत होती. त्यात करड्या रंगाच्या रिकाम्या चौकटीही येत होत्या. आत फक्त एवढंच, “हा मजकूर उपलब्ध नाही.” कोणीतरी कोणाचं तरी लिहिलेलं पुढे पाठवलेलं, आणि मूळचं दिसत नाही. लोक टाकतात आणि पुसतात, तिने मनात म्हटलं आणि त्या चौकटीही कचऱ्यात सारल्या. एक सारली की दुसरी यायची. दुसरी सारली की तिसरी.

मधेच तिने बाजारामागच्या गल्लीकडे नजर टाकली. एकही ठिपका नाही. ती गल्ली तशी उंचवट्यावर, आजवर तिथे कधी पाणी शिरलं नव्हतं. तिला हायसं वाटलं. आपली माणसं कोरडी आहेत, आता बाकीच्यांचं बघू, असं म्हणून ती पुन्हा कामाला लागली.

दुपारी बाजारातल्या एका शिंप्याने लिहिलं, “आम्ही वरच्या मजल्यावर ठीक आहोत. आमच्या मागच्या गल्लीचे हाल आहेत, त्यांच्याकडे बघा.”

मोठीने नकाशाकडे बघितलं. मागची गल्ली स्वच्छ, पांढरी. शेजारच्या टेबलावर त्या दिवसापुरता नकाशा सांभाळणारा माणूस होता, त्याला तिने विचारलं, “मागच्या गल्लीतून सकाळपासून काहीच नाही?”

“काहीच नाही बाई. चिडीचूप.”

चिडीचूप हा शब्द मोठीला खटकला. त्या गल्लीत धाकटी राहते. टोमॅटोचं पान गळलं तर जिला राहवत नाही, ती बाई नदी दारात आल्यावर गप्प बसेल? मोठीने धाकटीचं पान शोधलं. करडी चौकट आली. “हा मजकूर उपलब्ध नाही.”

ती चौकटीकडे बघत राहिली. सकाळपासून कचऱ्यात सारलेल्या सगळ्या चौकटी तिच्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. धाकटीने ऑफिसला ब्लॉक केलं होतं. म्हणजे धाकटीने लिहिलेलं ऑफिसला दिसणार नाही, तिच्या पोस्टखाली गल्लीने लिहिलेलं दिसणार नाही, आणि ते उचलून कोणी ऑफिसला पाठवलं तरी रिकामी चौकटच येणार. आख्खी गल्ली सकाळपासून हाका मारत होती आणि त्या हाका मोठी स्वतःच्या हाताने केरात टाकत होती.

तिने धाकटीला फोन लावला. लागला नाही. आबांना लावला. लागला नाही. तेवढ्यात चहाच्या मावशी ट्रे घेऊन आत आल्या.

“मावशी, तुमच्या फोनवर आमच्या धाकटीचं पान दिसतं?”

“दिसतं की. तिचं बघूनच तर मी पुदिना लावला,” मावशी म्हणाल्या, मग त्यांनी मोठीचा चेहरा बघितला आणि ट्रे खाली ठेवून फोन पुढे केला. काच तडकलेला फोन होता. त्यात धाकटीची सकाळची पोस्ट होती. “गल्लीत पाणी शिरलंय, वाढतंय. ज्याला जी मदत हवी ती इथेच खाली लिहा.” आणि खाली कमेंटच कमेंट.

मोठी वाचत गेली. धाकटीने एकेकाला उत्तर दिलं होतं. तळमजल्यावरच्या आजींना शिक्षकांच्या गच्चीवर न्या, शिडी लोहाराकडे आहे. बाळाचं दूध संपलं असेल तर माझ्याकडे डबा आहे, दोरीने पाठवते. इंजेक्शन घेणाऱ्या काकांना औषध गार ठेवायला बर्फ हवाय, कोणाकडे आहे सांगा. आणि सगळ्यात वर, ठळक: “बोट आली तर पुढून येऊ देऊ नका. विजेची तार तुटून पाण्यात पडलीय. मागून, शाळेच्या भिंतीकडून आणा. आबांना चालता येत नाही, त्यांना शेवटी नेलं तरी चालेल, ते म्हणतात आधी बाळं.”

कोणी शिकवलेलं नसताना धाकटी तिकडे मोठीचंच काम करत होती, आणि चांगलं करत होती. मोठीला त्या क्षणी ती इतकी आवडली की स्वतःचाच राग आला.

ती साहेबांकडे गेली. ते बोटवाल्याशी वायरलेसवर बोलत होते. बोटी दोनच होत्या, आणि दुसरी आता पुलापलीकडे निघाली होती. एकदा गेली की संध्याकाळशिवाय परत येणार नव्हती.

“साहेब, ती बोट थांबवा. मागची गल्ली बुडालीय. मला सकाळीच कळायला हवं होतं, ते घरच्या भांडणापायी कळलं नाही. चूक माझी आहे.”

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. “भांडण नंतर सांगा. बोट कुठून घालायची ते सांगा.”

“मागून. शाळेच्या भिंतीकडून. पुढे तार आहे.”

बोट वळवली. पण तेवढ्याने भागणार नव्हतं. सकाळी, तार तुटायच्या आधी, कोण्या उपद्व्यापी माणसाने कमेंटमध्ये थाप मारली होती की बोट पुढच्या चौकात उभी आहे. दोन घरं सामान घेऊन खाली उतरली होती आणि गळ्याइतक्या पाण्यातून कशीबशी परत चढली होती. आता गल्ली कोणावर विश्वास ठेवायला तयार नव्हती. मागच्या भिंतीकडे या, हे आपत्ती कक्षाच्याच खात्यावरून, शिक्क्यासकट लिहायला हवं होतं. आणि ते खातं धाकटीच्या दारात पाऊल टाकू शकत नव्हतं.

मोठीने मावशींच्या फोनवरून धाकटीला निरोप लिहिला. “मी ताई. मावशींच्या फोनवरून लिहितेय. बोट निघालीय. ऑफिसला अनब्लॉक कर.”

उत्तर यायला वेळ लागला. नकाशावाला उठून मागे उभा राहिला. मावशी नखं कुरतडत होत्या.

“कशावरून ताई?” धाकटीने विचारलं होतं. “सकाळपासून बरेच ताई आणि दादा झालेत.”

बरोबरच होतं तिचं. मोठीनेही हेच विचारलं असतं. मोठीने काय पुरावा द्यावा? आबांच्या औषधाचं नाव गल्लीला माहीत. सासूबाईंचं नाव तर पोस्टमनलाही माहीत. तिने क्षणभर विचार केला आणि लिहिलं, “तोंड उघडं ठेवलंयस तसेच डोळेही उघड आता.”

या खेपेला उत्तर लगेच आलं. “ताईच! दुसरं कोण एवढं खवचट असणार.” आणि त्यामागोमाग, “आधी फोटो काढा.”

मावशींनी कपाळावर हात मारला. “अहो, पाणी कुठवर आलंय आणि ही बया...”

पण मोठी हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने आपला फोन उचलला, तो फोटो उघडला आणि पानावरून पुसला. शेवटचं बघून घ्यावं एवढंही तिला सुचलं नाही. “काढला,” तिने लिहिलं.

मोठीच्या पडद्यावरच्या करड्या चौकटी एकेक करून उघडू लागल्या. शिक्षकांची गच्ची, लोहाराची शिडी, बाळाचं दूध, इंजेक्शनचे काका. नकाशावाल्याचे हात भराभर चालायला लागले आणि पांढऱ्या गल्लीत लाल ठिपके उमटले. मोठीने दोनदा खातं तपासलं आणि आपत्ती कक्षाच्या नावाने धाकटीच्या पोस्टखाली लिहिलं, “बोट शाळेच्या भिंतीकडून येत आहे. पुढच्या बाजूला कोणीही उतरू नये. आधी बाळं आणि आजारी माणसं.” त्याखाली धाकटीने लगेच लिहिलं, “हे खरं आहे. मी ओळखते यांना.”

गल्ली दिवसाउजेडी बाहेर पडली. चढावरच्या शाळेच्या हॉलमध्ये सतरंज्या घातल्या होत्या. दुसऱ्या बाईने टेबल सांभाळलं तशी मोठी पळतच तिथे गेली. आबा आधीच आले होते, बोटवाल्यांनी त्यांना खुर्चीसकट उचलून आणलं होतं. ते चहा पीत बसले होते. “तिला सांगा मी पोचलो,” त्यांनी सवयीने म्हटलं, मग समोर नक्की कोण आहे ते बघून थांबले.

धाकटी शेवटच्या फेरीला आली. नखशिखान्त भिजलेली, घसा बसलेला, पोटाशी एक पिशवी. मोठीला बघून ती दारातच उभी राहिली.  मोठीने पुढे होऊन तिच्या हातातली पिशवी घेतली, कारण थोरल्या जावेला तेवढं तरी करता येतं.

“सांभाळून,” धाकटी घोगऱ्या आवाजात म्हणाली. “काच आहे त्यात.”

पिशवीत आबांची औषधं होती, चार्जर होता, आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक चौकट. मोठीने प्लास्टिक सोडवलं. तोच फोटो. मोठा करून घेतलेला, काच लावलेला.

“आबांच्या खोलीत लावलाय मी,” धाकटी म्हणाली. “त्यांच्या पलंगासमोर.”

“आणि मला काढायला लावलास?”

“हा घरात लावायला आहे, ताई. घरात मी कशीही दिसले तरी चालते. जगाने का हसायचं मला?”

मोठीने चौकट उजेडाकडे धरली. ती फोटोकडे बघत राहिली. इतके महिने तिने तो रोज बघितला होता, आणि रोज मधेच बघितलं होतं, सासूबाईंच्या हसऱ्या तोंडाकडे. आज चौकटीची काच पुसता पुसता तिची नजर सवयीने कडेला गेली. खाली, डाव्या कोपऱ्यात, सासूबाईंचा हात होता. तोंडावर असायचा तो हात. आणि तो धाकटीच्या दोन्ही मुठींत होता.

“तू आईंचा हात धरलायस,” मोठी म्हणाली.

“मग? तुम्हीच तर ओरडत होता, आई, हात काढा, हात काढा. मी ओढून खाली धरला. त्यांची ताकद काय कमी होती? सगळा जोर लावला मी, डोळे मिटणार नाहीत तर काय होणार? आणि मी अशी लोंबकळतेय बघून त्यांना जे हसू फुटलं ना...”

मोठीने चौकट आबांच्या मांडीवर ठेवली आणि धाकटीला जवळ ओढलं. धाकटी भिजलेली होती, मोठीही भिजली.  “चुकलं माझं,” मोठी तिच्या कानाशी म्हणाली. “मी नीट बघितलंच नाही गं तुझ्याकडे.” आबांनी चौकट नीट उभी धरली आणि तीच न्याहाळत राहिले.

पुष्कळ वेळाने, कोरडे कपडे घालून आणि दुसरा चहा हातात घेऊन, धाकटी म्हणाली, “टाका परत तो फोटो. पण खाली लिहा, डोळे का मिटले ते.”

“लिहिते,” मोठी म्हणाली आणि तिने फोन काढला.

“आधी खातं बघा, ताई.”

मोठीने बघितलं. ऑफिसचंच होतं.